खोक्याची पारख : कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा इतिहास



टेबलाखाली उभ्या ठेवलेल्या त्या पत्र्याच्या खोक्याला आपल्याकडे सगळे ‘सीपीयू’ म्हणतात. “सीपीयू दुरुस्तीला टाकलाय”, “सीपीयूवर धूळ बसलीय, जरा पुसून घे.” खरा सीपीयू म्हणजे प्रोसेसर. तो त्या खोक्याच्या पोटात असतो, काडेपेटीएवढा चपटा तुकडा. खोक्याचं दुकानातलं नाव ‘कॅबिनेट’. म्हणजे नाव आतल्या वस्तूचं आणि चिकटलं ते बाहेरच्या पत्र्याला. भाषेत अशी अदलाबदल दिसली की तिथे थोडं खणून बघावं, ही तत्त्वज्ञानाच्या मास्तरांची जुनी खोड. म्हणून आज आपण या खोक्याचा इतिहास बघणार आहोत.

विषय किरकोळ वाटेल, पण तसा तो नाही. आपल्या जिल्ह्यात आज कितीतरी घरांत मुलामुलींसाठी कॉम्प्युटर जुळवून घेतला जातो. कोणी आर्किटेक्चरला असतं, कोणी ॲनिमेशन शिकतं, कोणी व्हिडिओ एडिटिंगवर पोट भरतं. साठ-सत्तर हजार रुपये सहज जातात. हे पैसे येतात कुठून? पतसंस्थेच्या कर्जातून, कांद्याच्या पट्टीतून, उसाच्या बिलातून. प्रोसेसरचा वेग गिगाहर्ट्झमध्ये सांगतात, रॅम जीबीमध्ये सांगतात. कॅबिनेट कशात मोजायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. मग ते दिसण्यावर घेतलं जातं आणि दोन उन्हाळ्यांत आतलं महागडं सामान भाजून निघतं.

आमचं म्हणणं एवढंच आहे. कॅबिनेटची पारख कशी करावी, हे त्याच्या इतिहासातूनच शिकता येतं. कारण त्या खोक्यातलं प्रत्येक भोक, प्रत्येक स्क्रू, प्रत्येक पट्टी ही कधीतरी पडलेल्या एका अडचणीचं उत्तर आहे. अडचण कळली की उत्तर बरं आहे की वाईट, हेही कळतं.

अठरा फुटांचं कपाट

सुरुवात मुंबईपासून करू. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी एक गणकयंत्र बांधलं. ते १९६० साली चालू झालं. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिलं. तेच नेहरू, जे १९४२ ते १९४५ या काळात आपल्या भुईकोट किल्ल्यात बंदिवान होते.

टिफ्रॅकमध्ये २,७०० निर्वात नळ्या होत्या, १,७०० जर्मेनियमचे डायोड होते आणि १२,५०० रेझिस्टर होते. हा सगळा संसार मांडायला पोलादी सांगाडा केला होता : १८ फूट लांब, अडीच फूट खोल आणि ८ फूट उंच. चार-चार फुटांचे भाग एकमेकांना जोडून तो उभा केला होता आणि प्रत्येक भागाला दोन्ही बाजूंनी पोलादी दारं होती.

ही दारं लक्षात ठेवा. ती शोभेला नव्हती. निर्वात नळी म्हणजे जवळजवळ एक दिवाच. ती तापते आणि कधी ना कधी जाते. गेली की माणसाचा हात तिथपर्यंत पोहोचला पाहिजे. तेव्हा पहिल्या पिढीतच खोक्याची तीन कामं ठरून गेली होती. आतल्या वस्तूंना जागच्या जागी धरून ठेवायचं, उष्णतेला वाट द्यायची आणि दुरुस्त करणाऱ्या हाताला वाट द्यायची. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत खोकं अठरा फुटांवरून दीड फुटावर आलं, पण कामं तीच राहिली.

टेबलावर आलेलं खोकं

१२ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत आयबीएम कंपनीने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ जाहीर केला. त्या यंत्राची खरी ताकद त्याच्या वेगात नव्हती. त्याचे बरेचसे भाग बाजारात मिळणारे होते, आणि आयबीएमने त्याचं तांत्रिक पुस्तक विद्युत-आकृत्यांसकट उपलब्ध केलं होतं. आत पाच खाचा होत्या. कोणीही आपलं कार्ड बनवावं आणि त्या खाचेत बसवावं. १९८३ साली आलेल्या ‘एक्सटी’ या पुढच्या मॉडेलमध्ये खाचा आठ झाल्या आणि दोन खाचांमधलं अंतर ०.८ इंच, म्हणजे सुमारे २०.३ मिलिमीटर, ठरलं.

आता गंमत बघा. आज दुकानात जाऊन अगदी नवं, काचेचं, रंगीबेरंगी दिव्यांचं कॅबिनेट मागे वळवा. तिथे उभ्या पट्ट्यांची रांग दिसेल. शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर मोजा. तेच ०.८ इंच भरेल. आतली यंत्रणा हजारो पटींनी बदलली. चाळीस वर्षांपूर्वी कोणीतरी पत्र्यावर मारलेली रेघ मात्र तशीच आहे. दिल्लीतली राज्यं बदलली तरी गावच्या शिवेचा दगड हलत नाही, तसंच हे.

आपल्या देशात हे खोकं यायला वेळ लागला. १९७८ मध्ये आयबीएम भारतातून बाहेर पडली होती. एचसीएलसारख्या देशी कंपन्या यंत्रं बनवत होत्या, पण ती बँका, कारखाने आणि संस्थांपुरती. नोव्हेंबर १९८४ मध्ये केंद्र सरकारचं नवं संगणक धोरण आलं, आयात सोपी झाली आणि १९९१ नंतर दरवाजे आणखी उघडले. मग सुट्या भागांचा बाजार फुलला. मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, ज्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, आणि पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली. आपल्या नगरहून पहाटेची एसटी धरायची, दिवसभर गल्ली पालथी घालायची आणि रात्री खोकं मांडीवर घेऊन परत यायचं. ‘असेंबल्ड’ हा इंग्रजी शब्द मराठीत रुळला तो या लोकांमुळे. कंपनीचा कॉम्प्युटर परवडत नाही, तर असेंबल्ड घ्या!

त्या काळात शाळा-कॉलेजांतल्या कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे. वातानुकूलन त्या एकाच खोलीत असे. यंत्रावर प्लॅस्टिकचं आवरण आणि दसऱ्याला कॅबिनेटच्या कपाळी हळदी-कुंकू नि झेंडूचं फूल. हसू नका, त्यात शहाणपण होतं. धूळ आणि उष्णता हे या वस्तूचे शत्रू आहेत, हे लोकांना आपल्या पद्धतीने कळलेलं होतं.

आकडा दाखवणारा, पण न मोजणारा दिवा

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीची आणि नव्वदच्या सुरुवातीची कॅबिनेटं ज्यांनी पाहिली असतील, त्यांना ‘टर्बो’ नावाचं बटण आठवत असेल. नावावरून वाटायचं की दाबलं की यंत्र जास्त पळतं. त्याचा खरा उपयोग यंत्र सावकाश करण्यासाठी होता. जुने काही प्रोग्राम पहिल्या आयबीएमच्या ४.७७ मेगाहर्ट्झ वेगाशी बांधलेले असत. वेगवान यंत्रावर ते इतके धावत की वापरताच येत नसत. म्हणून वेग उतरवायची सोय ठेवलेली.

त्याच्या शेजारी लाल किंवा हिरव्या आकड्यांची चौकट असे. तिथे ‘३३’ किंवा ‘६६’ असा आकडा झळके. बघणाऱ्याला वाटे की यंत्र आपला वेग मोजून दाखवतंय. प्रत्यक्षात ती चौकट काहीही मोजत नसे. तिच्या मागे छोट्या पिना असत. त्यावर टोप्या बसवून जोडणाराच आकडा ठरवून देई. ‘९९’ लावला तर ‘९९’ दिसे. गाडीच्या काचेमागे स्पीडोमीटरचं चित्र चिकटवावं, तसा प्रकार.

आभास आणि सत्य यांच्यातला भेद शिकवायला आम्ही वर्गात दोरी आणि साप, शिंपला आणि चांदी हीच उदाहरणं द्यायचो. या चौकटीचं उदाहरण विद्यार्थ्यांना जास्त पटत असे. कॅबिनेटच्या दर्शनी बाजूला जे चमकतं, त्याचा आतल्या कामाशी संबंध असेलच असं नाही. तीस वर्षांपूर्वीचा हा धडा आजच्या सप्तरंगी दिव्यांनाही तसाच लागू आहे.

त्या पिढीच्या कॅबिनेटमध्ये धोकेही होते. पुढचं चालू-बंदचं बटण थेट २३० व्होल्टचं असे. भिंतीतली वीज जाड केबलने त्या बटणापर्यंत आणलेली असे. मदरबोर्डला वीज देणारे दोन वेगळे प्लग असत आणि ते उलटे बसू शकत. उलटे बसले तर बोर्ड गेला. म्हणून जोडणारे एकच सूत्र पाठ करत : काळ्याला काळी. दोन्ही प्लगांच्या काळ्या तारा मधोमध एकमेकींशेजारी आल्या पाहिजेत.

पत्र्यावर लिहिलेला करार

१९९५ साली इंटेल कंपनीने ‘एटीएक्स’ नावाचा आराखडा प्रसिद्ध केला. आज कॅबिनेट घ्यायला गेल्यावर जो शब्द कानावर पडतो, तो हाच. त्यात मदरबोर्डचं माप ठरलं : ३०५ बाय २४४ मिलिमीटर. स्क्रूची भोकं कुठे, मागची जोडणीची खिडकी कुठे, एसएमपीएस कुठे, सगळं ठरलं. विजेचा प्लग एकच आणि उलटा न बसणारा. ‘काळ्याला काळी’ हे सूत्र एका फटक्यात निवृत्त झालं. पुढच्या बटणातून २३० व्होल्ट गेले, तिथे बारीकसा इशाऱ्याचा प्रवाह आला. पुढे याच मापातून २४४ बाय २४४चा ‘मायक्रो-एटीएक्स’ निघाला, आणि व्हीआयए या कंपनीने १७० बाय १७०चा ‘मिनी-आयटीएक्स’ आणला.

याचा अर्थ काय? तैवानमध्ये पत्रा दाबणारा कारागीर, मदरबोर्ड बनवणारी दुसरीच कंपनी, ग्राफिक्स कार्ड बनवणारी तिसरी, आणि आपल्या दिल्ली दरवाज्याजवळ किंवा संगमनेरात बसून हे सगळं जोडणारा मुलगा. हे लोक एकमेकांना ओळखत नाहीत, कधी भेटणारही नाहीत. तरी एकाचा स्क्रू दुसऱ्याच्या भोकात बरोबर बसतो. कॅबिनेट हा पत्र्यावर लिहिलेला करार आहे, आणि अनोळखी माणसांनी तो इतकी वर्षं पाळला आहे.

नैयायिकाची गोष्ट आपल्याला माहीत आहे. पंडित तुपाचं भांडं घेऊन चालला होता. वाटेत त्याला प्रश्न पडला, तूप भांड्याच्या आधाराने आहे की भांडं तुपाच्या आधाराने? खात्री करायला त्याने भांडं उलटं केलं आणि तूप रस्त्यावर! आपण त्याला हसतो. पण कॅबिनेटच्या बाबतीत त्याचा प्रश्न अगदीच वेडगळ नाही. कॅबिनेट मदरबोर्डाला आधार देतं हे खरं, पण कॅबिनेटला आकार मिळतो तो मदरबोर्डाच्या मापामुळे. दोघांना आधार आहे तो ठरलेल्या मापाचा, आणि ते माप दोघांपैकी कोणाच्याही पोटात नाही.

हा करार किती चिवट आहे, याचा पुरावाही इतिहासात आहे. २००३-०४च्या सुमारास प्रोसेसर फार तापू लागले. तेव्हा इंटेलने ‘बीटीएक्स’ हा नवा आराखडा आणला. त्यात हवा सरळ रेषेत पुढून मागे जाईल अशी मांडणी होती, उष्णतेच्या हिशेबात ती चांगलीच होती. पण साऱ्या बाजाराने आपले साचे बदलायचे कशाला? २००६ मध्ये इंटेलने स्वतःच पाऊल मागे घेतलं. सोयीची गोष्ट हरली आणि सगळ्यांनी मान्य केलेली गोष्ट टिकली. लोकशाहीचा अभ्यास करणाऱ्यांनी यावर विचार करायला हरकत नाही.

आणखी एक जुना प्रश्न इथे जिवंत होतो. ग्रीक लोक थीसियसच्या जहाजाबद्दल वाद घालत. एकेक फळी बदलत गेली आणि अखेर सगळ्या फळ्या नव्या झाल्या, तर जहाज तेच का? जुळवलेल्या कॉम्प्युटरचं तेच होतं. आधी रॅम बदलली, मग हार्डडिस्क, मग मदरबोर्ड आणि प्रोसेसर. दहा वर्षांनी जुनं काय उरलं? कॅबिनेट. तरी घरातले म्हणतात, “आमचा तोच कॉम्प्युटर आहे, दहावीच्या सुट्टीत घेतलेला.” लोक खोक्याला सीपीयू म्हणतात ते व्याकरणाने चूक असेल, पण त्या यंत्राची ओळख टिकते ती खोक्यामुळेच. म्हणूनच ते सगळ्यांत जास्त वर्षं टिकणारं असलं पाहिजे.

उष्णतेचा हिशेब आणि नगरची हवा

आता उष्णता. १९९३ साली आलेल्या पहिल्या पेंटियम प्रोसेसरची उष्णता १५ वॅटच्या आसपास होती. २००४ पर्यंत ती १०० वॅटच्या वर गेली. आणि २०२२ साली आलेलं आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड एकटंच ४५० वॅटपर्यंत वीज खातं. म्हणजे पूर्ण जोरात चालणारा असा मोठा कॉम्प्युटर आणि कपड्यांची हलकी इस्त्री यांत विजेच्या दृष्टीने फारसा फरक नाही. खाल्लेली वीज जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. चालू इस्त्री कपाटात ठेवून कोणी दार लावेल का? काचेने चहूबाजूंनी बंद केलेलं कॅबिनेट घेणारा नेमकं तेच करतो.

आपल्या शहराला हा प्रश्न नवीन नाही. निजामशाहीत बांधलेला फराहबाग महाल १५८३ साली पूर्ण झाला. मुर्तजा निजामशाह तिथे बुद्धिबळ खेळत बसायचा असं सांगतात. महाल तळ्याच्या मधोमध, मध्यभागी उंच दालन, भोवती पाणी. उन्हाळ्यात माणसाला आत बसवेल अशी इमारत कशी बांधावी, हे त्या गवंड्यांना ठाऊक होतं. गरम हवा वर जायला उंची द्यायची आणि बाहेरून येणारी हवा आधी थंड होऊ द्यायची. नुसती भिंत जाड करून भागत नाही.

दुसरं उदाहरण आपल्या रणगाडा संग्रहालयातलं. तिथे फिरताना रणगाड्यांच्या मागच्या अंगाला, इंजिनावर, जाळ्या आणि झडपा दिसतात. रणगाड्याला सगळ्यांत धोका तिथेच असतो, हे बनवणाऱ्याला माहीत असतं. तरी त्याला तिथे भोकं ठेवावीच लागतात, कारण इंजिनाला हवा नसेल तर चिलखत असूनही रणगाडा जागेवर उभा राहील. तोफेच्या माऱ्यात जाणाऱ्या पेटीलासुद्धा जाळी लागते. मग टेबलाखालच्या पेटीला लागणार नाही का?

पण जाळी आली की धूळ आली. आपला बराचसा जिल्हा पर्जन्यछायेतला. पाथर्डी, कर्जत, जामखेड भागात मार्चपासून जूनपर्यंत हवेत माती असते. घोडेगावच्या कांदा बाजारात आडत्याच्या दुकानातला कॉम्प्युटर उघडला तर पंख्याला कांद्याची सालपटं गुंडाळलेली सापडतील. कारखान्याच्या परिसरात चिमणीतून येणारी काजळी. उलट अकोले तालुक्यात, भंडारदरा-घाटघरच्या बाजूला, चार महिने ओल. तिथे धूळ कमी, पण पातळ पत्र्याला गंज. एकाच जिल्ह्यात दोन हवा आहेत. म्हणजे दिल्ली-बंगळूरच्या माणसाने व्हिडिओत चांगलं म्हटलेलं कॅबिनेट जामखेडला चांगलं ठरेलच असं नाही.

मग पारखायचं कसं?

मध्यंतरी आमच्या नातीसाठी कॉम्प्युटर जुळवायचा होता. दुकानातल्या मुलाने उत्साहाने एक कॅबिनेट पुढे केलं. “सर, हे बघा. पुढून पूर्ण काच, आणि पंख्यांचे रंग रिमोटवर बदलतात.” आम्ही विचारलं, “बाळ, हवा आत कुठून जाते?” त्याने खोकं फिरवून पाहिलं. बाजूला बोटभर फट होती. मुलगा प्रामाणिक होता. काही न बोलता आत गेला आणि साधं, पुढून जाळीचं, काळं कॅबिनेट घेऊन आला. म्हणाला, “सर, माझ्या घरी हे आहे.” आम्ही तेच घेतलं. हा एक प्रश्न विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही.

बाकीच्या गोष्टी क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, हवा. पुढून आत आणि मागून-वरून बाहेर, असा सरळ मार्ग हवा. आत ओढणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा थोडे वरचढ असावेत आणि त्यांच्यापुढे धुऊन परत लावता येणारी गाळणी असावी. असं केलं की आतला दाब किंचित जास्त राहतो आणि फटींमधून धूळ आत ओढली जात नाही. घरी एक चाचणी करता येते. यंत्र जोरात चालवून तापमान बघा. मग कॅबिनेटचं पुढचं तोंड काढा आणि अर्ध्या तासाने पुन्हा बघा. तापमान बरंच उतरलं, तर ते तोंड यंत्राचा गळा दाबत होतं असं समजावं. हवा नेमकी कुठून आत जाते हे उदबत्तीच्या धुराने दिसतं. राख मात्र आत पडू देऊ नका.

दुसरी, अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, अशी तक्रार आपल्याकडे घरोघर ऐकू येते. एसएमपीएसमध्ये गोंगाट गाळणारे दोन बारीक कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर साधारण निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, उभा राहतो. प्रवाह अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात. टेस्टर लावला तर मंद पेटतो. यात दोष कॅबिनेटचा नसतो, भिंतीतल्या तिसऱ्या पिनेचा असतो. आणि आपल्या कोरड्या मातीत नुसता खड्डा करून भागत नाही. त्यात मीठ-कोळसा भरून उन्हाळ्यात पाणी ओतावं लागतं. विजेचा माणूस बोलावून आधी ते तपासून घ्या, कॅबिनेट मग घ्या.

तिसरी, मापं. मदरबोर्ड कोणत्या मापाचा, ग्राफिक्स कार्ड किती लांब, प्रोसेसरवरचा पंखा किती उंच, हे कागदावर लिहून न्या. आजची मोठी ग्राफिक्स कार्डं तीनशे मिलिमीटरच्या पुढे जातात. मदरबोर्डच्या पाठीमागे तारा लपवायला साधारण दोन सेंटिमीटर जागा हवी. ती नसेल तर तारांचं जंजाळ हवेच्याच वाटेत येतं.

चौथी, पत्रा. जस्ताचा थर दिलेला पत्रा असावा. अर्ध्या मिलिमीटरचा आणि पाऊण मिलिमीटरचा यांतला फरक हाताला कळतो. कॅबिनेट सपाट फरशीवर ठेवा. डुगडुगतं का? समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना धरून उचला. पिळतं का? आतल्या कडा दुमडलेल्या आहेत का, बोट फिरवून बघा, पण हळू. “रक्त दिल्याशिवाय असेंबली होत नाही,” असं या धंद्यातली मुलं गमतीने म्हणतात, ते स्वस्त पत्र्याच्या उघड्या कडांमुळे.

पाचवी, फुकटचा एसएमपीएस. पूर्वी कॅबिनेटसोबत एसएमपीएस येई आणि त्यावर वॅटचा मोठा आकडा छापलेला असे. त्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा, हे टर्बोशेजारच्या चौकटीने शिकवलेलंच आहे. तो वेगळा आणि चांगला घ्यावा. काच-दिव्यांवरचे पैसे वाचवून तिथे घालावेत.

सहावी, आणि आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाची. बाजूचं दार उघडायला किती वेळ लागतो? दोन स्क्रू आणि एक साधा पेचकस पुरत असेल, तर ते कॅबिनेट दर दोन-तीन महिन्यांनी साफ होईल. उघडायला त्रासाचं असेल, तर ते बिघडेपर्यंत कोणी उघडणार नाही.

दारामागची शाळा

या सहाव्या गोष्टीवर थोडं जास्त बोलायचं आहे.

२००१ साली एमकेसीएलची स्थापना झाली आणि एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्या-तालुक्यांत निघाले. तिथल्या रांगांमधले बरेच कॉम्प्युटर असेंबल्ड होते. भारनियमनाचे दिवस होते. यूपीएस कोलमडायचे, यंत्रं बंद पडायची. मग वर्गातलाच एखादा मुलगा पेचकस घेऊन बसायचा. रॅम काढायची, खोडरबराने घासायची, परत लावायची. मदरबोर्डखालचे पितळी पाय मोजून लावायचे, कारण एखादा जास्तीचा पाय चुकीच्या जागी राहिला तर बोर्ड शॉर्ट होतो. जाड दातांचा स्क्रू कुठला आणि बारीक दातांचा कुठला, हे बोटांनी ओळखायचं. यातला एक इंचाच्या हिशेबातला आणि दुसरा मेट्रिक. दोन मोजमाप-पद्धतींचं भांडण अजून त्या खोक्यात नांदतंय.

असा मुलगा पुढे दुकान टाकतो, साखर कारखान्याच्या संगणक विभागात लागतो, किंवा पुण्याला जातो. त्याला कोणी पदवी दिलेली नसते. कॅबिनेटच्या उघडणाऱ्या दाराने त्याला शिकवलेलं असतं. टिफ्रॅकच्या पोलादी दारांमागे मूठभर शास्त्रज्ञांना जे शिकायला मिळालं, त्यातलं थोडंसं राशीन-मिरजगावच्या मुलांना या पत्र्याच्या दारामागे मिळालं.

आता वस्तू बंद होत चालल्या आहेत. मोबाइल चिकटवलेला येतो. कित्येक लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच जोडून टाकलेली असते, ती वाढवता येत नाही. बिघडलं की बदला, एवढाच उपाय उरतो. हलकेपणा हवा तर काही किंमत मोजावी लागते, हे आम्हाला मान्य आहे. पण ज्या घरात कर्ज काढून यंत्र येतं, तिथे ‘बदला’ या शब्दाचा अर्थ पुण्या-मुंबईपेक्षा वेगळा होतो. तिथे उघडता येणं म्हणजे निम्म्या खर्चात आणखी पाच वर्षं. आणि घरात एखादं चौकस पोर असेल, तर त्याच्यासाठी ती फी न भरता मिळालेली शाळा.

म्हणून उद्या कोणी तुम्हाला विचारलं की कॅबिनेट कोणतं घेऊ, तर कंपनीचं नाव सांगू नका. त्याला सांगा, दुकानात ते उघडून बघ. हवा कुठून येते ते विचार, पत्र्याच्या कडेवरून बोट फिरव, आणि दार पुन्हा लावून बघ. घरी आणल्यावर पहिल्यांदा ते उघडायचं काम मुलाला किंवा मुलीला करू दे. प्लग आधी काढून ठेव, एवढं मात्र नक्की बघ.

इथे थांबतो. कोणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.